पंचांगातला शरद आणि चीनमधला हिरवा डोंगर

जायचं ठरलं ते अक्काच्या गुडघ्यांमुळे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, घाटनांदूरच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली. दोन्ही गुडघे झिजलेत, बदलावे लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने डॉक्टरांना काहीच विचारलं नाही. घरी येऊन मला फोन लावला.

"सुमे, आता या गुडघ्यात मोजक्याच पायऱ्या राहिल्यात. आपरेशन कसं व्हईल कुणाला ठावं. त्याच्या आधी मला तो लाल डोंगर बघायचाय."

लाल डोंगराची गोष्ट जुनी आहे. भूगोलाच्या पुस्तकात पानझडीच्या प्रदेशांचा धडा असायचा. शरद ऋतूत तिकडची झाडं लाल-पिवळी होतात, मग पानं गळतात, वगैरे. आपल्याकडे पानं गळतात ती होळीच्या तोंडावर, आणि लाल होतो तो पळस, तोही फुलांनी. दरवर्षी वर्गातली एखादी पोरगी विचारायचीच, बाई, तुम्ही बघितलंय का? आणि अक्का दरवर्षी नाही म्हणायची. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी लावलेल्या एका कॅलेंडरवर बीजिंगजवळच्या शिआंगशान डोंगराचा फोटो होता, पायथ्यापासून माथ्यापर्यंत लाल. वर्ष संपल्यावर अक्काने ते पान कापून घरी आणलं. ते अजून तिच्या कपाटाला आतून चिकटवलेलं आहे.

चीनचा बेत याआधी चार वर्षांत तीनदा ठरून तीनदा मोडला होता. एकदा माझ्या मुलाची बारावी, एकदा नात्यातलं लग्न, एकदा नुसताच कंटाळा. तिन्ही वेळा मोडणारी मीच. मी बीडला कोर्टात नोकरी करते, पुढची तारीख देणं अंगात मुरलंय. या वेळी मात्र मी अक्काला शब्द दिला आणि नियोजन माझ्याकडे घेतलं. इथून पुढे जो घोळ झाला तो सगळा माझा.

पहिला घोळ अंतरांचा. नकाशा टेबलावर पसरला तर शांघाय, शीआन, बीजिंग अशी तीन गावं एकमेकांपासून चार-चार बोटांवर दिसली. मी वहीत लिहिलं, सकाळी शांघाय, दुपारचं जेवण शीआनला. वही बघून अक्का हसली. म्हणाली की तुझी ही चार बोटं म्हणजे बीडहून दिल्ली, जेवायला जाशील का? मग एकेका गावाला तीन-तीन दिवस दिले. चेंगडू नावाचं चौथं गाव आधी घातलं, मग काढलं, मग पुन्हा घातलं. शेवटी कशावरून काढलं ते आता मलाही आठवत नाही. व्हिसासाठी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागला म्हणून निदान एकदाचं पक्कं झालं. तुम्ही जाणार असाल तर हे आधी करा, नाहीतर माझ्यासारखी रोज नवीन गावं सुचत राहतील. विमान, रेल्वे, राहणं, खाणं धरून माणशी दीड लाखाच्या आसपास खर्च आला.

दुसरा घोळ तारखेचा, आणि तो खरा. पितृपक्षात निघायचं नाही हे घरात न बोलता ठरलेलं असतं. मी पंचांग काढलं. शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक, आणि आश्विन सुरू होतो घटस्थापनेला. म्हणजे पितृपक्षही संपतो आणि त्याच दिवशी शरदही लागतो. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी लगेच तिकिटं काढून टाकली. सासूबाई म्हणाल्या, घटाचं मी बघते, जा तुम्ही बहिणी-बहिणी. अक्काला तारीख सांगितली तेव्हा ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं हाय. जाऊ."

ते थांबणं मला तेव्हा कळायला हवं होतं.

बीडहून गाडीने मुंबई आणि तिथून बँकॉकमार्गे शांघाय. अक्काचा उठता-बसता उपवास, म्हणजे नवरात्राच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. पहिला दिवस विमानात केळी आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर गेला. शांघायला उतरून गावात आलो आणि पाय ठेवायला जागा मिळेना. नदीकाठच्या रस्त्यावर माणसांच्या गर्दीला दोरी लावून पुढे सोडत होते. हॉटेलातल्या मुलीला फोनमधल्या भाषांतरातून विचारलं तेव्हा कळलं की ऑक्टोबरचा पहिला आठवडा इथे राष्ट्रीय सुट्टीचा असतो, सगळा देश एकाच वेळी घराबाहेर पडतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी बीडचा स्टँड कसा असतो, तसा इथे अख्खा देश होता. आमच्या पंचांगात हे नव्हतं.

पुढे जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पैसे देण्याचं तिकडचं अ‍ॅप घरूनच कार्डाला जोडून घ्या, नोटा बघून दुकानदार गोंधळतात. आणि आपल्याच सिमचं रोमिंग घ्या, म्हणजे आपली नेहमीची अ‍ॅप चालतात. खाण्याची चिंता अक्काने मिटवली. मांस नको, मासे नको, असं चिनी लिपीत लिहिलेला कागद ती हॉटेलात पोलिसाच्या ओळखपत्रासारखा पुढे धरायची. तिथे बटाट्याचा कीस मिळतो, व्हिनेगर आणि लाल मिरची घातलेला, भाताबरोबर. अक्काने तो सलग चार दिवस खाल्ला.

शीआनला गावाभोवतीची जुनी तटबंदी आहे, वर चढून सायकल चालवता येते. मी वर गेले. अक्का खाली बाकावर बसून राहिली. दोन हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या खड्ड्यापाशीही जिथे जिना आला तिथे ती थांबली. पायऱ्या डोंगरासाठी राखून ठेवायच्या, असा तिचा हिशेब ठरलेला होता. मी वरून हात करायचे, ती खालून करायची.

शीआनहून बीजिंगला निघताना पिशवीचं प्रकरण झालं. अक्काकडे बीडच्या एका साडी दुकानाची पिवळी कापडी पिशवी होती, तिच्यात उरलेले धपाटे, चटणी आणि दोघींचे पासपोर्ट. स्टेशनात फाटकासमोर रांग लागायला सुरुवात झाली. गाडीला अजून वेळ होता आणि अक्काला बाथरूमला जायचं होतं. तिकडे बऱ्याच ठिकाणी खाली बसायचे संडास, तिला धरून उठवायला मी लागतेच. मग आपण जे करतो तेच तिने केलं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात केसपेपरला आपण पिशवी रांगेत ठेवतो आणि सावलीत जाऊन बसतो. रांग पुढे सरकली की मागचं माणूस आपली पिशवी पुढे सरकवतं. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. अक्काने पिशवी रांगेत ठेवली, मागच्या माणसाकडे बघून मान हलवली, आणि आम्ही गेलो.

परत आलो तर पिशवी नव्हती. मागच्या माणसाने हात वर केले. मी फोनमध्ये मराठीतून बोलले, फोन चिनीतून काहीतरी बोलला, आणि तो माणूस घाबरून बाजूला झाला. शेवटी एका बाईने वर लिहिलेली पाटी दाखवली. बेवारस सामान दिसलं की सुरक्षारक्षक उचलून नेतात. ज्या खोलीत नेलं तिथे आमची पिशवी टेबलावर होती, आणि हातमोजे घातलेला एक रक्षक धपाटा उलटापालटा करून बघत होता. त्याची चूक काहीच नव्हती. समजावून, सही करून सुटेपर्यंत गाडी गेली होती. तिकीट त्याच दिवसाच्या पुढच्या गाडीचं बदलून मिळालं, पण बसायला जागा नाही. पाच तास अक्का दाराजवळ आमच्या बॅगेवर बसून आली. एकदा मी तिला विचारलं, लई दुखतंय का? ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, बघ, इथं बी मकाच हाय.

शिआंगशानचा दिवस शेवटचा ठेवला होता, म्हणजे पानं जास्तीत जास्त लाल होतील. वर जायला रोपवेचा पाळणा आहे, त्याची रांग तीन तासांची होती. अक्का म्हणाली, चढू. एका हाताने काठी, एका हाताने माझा खांदा. दहा पायऱ्या, मग थांबायचं. मी तिच्या पायांकडेच बघत होते, म्हणून डोंगराकडे बघायचं राहिलं. अर्ध्यावर एक सपाट ओटा लागला, तिथे मान वर केली.

डोंगर हिरवा होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत.

मी पळत जाऊन तिथल्या तक्त्यावरचं फोनने वाचलं. पानं लाल होतात ती ऑक्टोबरच्या शेवटी. पंचांगातला शरद आपल्या आभाळाचा असतो, तिथल्या झाडांना तो कोण सांगणार? मला रडू फुटलं. चार वर्षं टाळलं, आणि नेलं तेही चुकीच्या तारखेला. तिच्या राखलेल्या सगळ्या पायऱ्या मी या हिरव्या डोंगरावर घालवल्या. मी तिला तसं म्हटलंसुद्धा.

अक्का काठीवर हात टेकून बसली होती. "मला ठावं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या अक्षांशावर आश्विनाच्या सुरुवातीला पान कसं लाल व्हईल? बत्तीस वर्षं काय शिकवलं मी?"

"मग कावून बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तू तारीख बदलली असतीस. अन् तुझी पुढची तारीख कुणी बघितलीय, सुमे? लाल न्हाई तर न्हाई. डोंगर तर बघितला."

राग आला, लाज वाटली, आणि तिच्यावर इतकं प्रेम आलं की तिचा पदरच नीट करत बसले.

ओट्याच्या कडेला एक लहानसं झाड होतं. त्याची एकच फांदी लाल झाली होती, अगदी टोकाला. तिच्याबरोबर फोटो काढायला शंभरेक माणसं रांगेत. अक्काने ती फांदी बघितली, उठली, रांगेच्या शेवटी पिवळी पिशवी ठेवली आणि परत येऊन बसली. पासपोर्ट आता माझ्या पर्समध्ये होते म्हणून मी तिला अडवलं नाही.

पिशवीच्या मागे जांभळं जॅकेट घातलेली एक म्हातारी उभी होती. तिने पिशवीकडे बघितलं, मग अक्काच्या काठीकडे. रांग सरकली. म्हातारीने वाकून पिशवीचे बंद धरले, उचलून दोन पावलं पुढे ठेवली, आणि पुन्हा समोर बघत उभी राहिली. पुन्हा रांग सरकली, पुन्हा तिने उचलली. अर्धा तास असं चाललं. नंबर आला तेव्हा तिने अक्काला हाताने बोलावलं.

परत येऊन आता तीन महिने झाले. फोटोत अक्का, सात-आठ लाल पानं आणि मागे हिरवागार डोंगर. तो तिने जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर टाकला, खाली एवढंच लिहिलं, बघितलं. आपरेशनची तारीख या वेळी तिने ठरवली आणि मी बदलली नाही. उजवा गुडघा झालाय, वॉकर धरून ती अंगणापर्यंत येते. डावा उन्हाळ्यानंतर.

परवा टाके दाखवायला तिला दवाखान्यात नेलं. केसपेपरची रांग दारापर्यंत. अक्काला बाकावर बसवून मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे माणूस नव्हतं, नुसती एक हिरवी प्लास्टिकची पिशवी होती, वर दगड ठेवलेला. कुणाची ते मला आजही माहीत नाही. रांग सरकली. मी वाकले, दगडासकट पिशवी उचलली आणि दोन पावलं पुढे ठेवली.