पाच म्हणायची चोरी

तामूने तीस वर्षं सले गावच्या हमामात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांच्या पाठी घासल्या. अर्ध्या गावाची अब्रू तिला पाठीकडून ठाऊक होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने हमाम सोडला आणि घराच्या खालच्या खोलीत शेजारणींची चार-सहा वर्षांची पोरं सांभाळायला घेतली. तिच्या मते कामात फारसा फरक पडला नाही. अंगावर पाणी पडलं की दोन्हीकडे सारखाच आरडाओरडा.

पोरांना आकडे शिकवायचे म्हणून तिने हमामच घरात आणला. गल्लीच्या तोंडाशी गोगलगायींचं सूप विकणाऱ्याकडून ती पिशवीभर रिकामे शंख घेऊन येई. कुसकुस वाफवायची भोकाची चाळण पालथी घातली की हमाम तयार. पोरं एकेक शंख आत ढकलत.

"सहा बायका आत गेल्या, दोघी अंग पुसून बाहेर आल्या. आत किती उरल्या?"

"चार!"

"आणि त्या काय करतायत?"

"सासूला नावं ठेवतायत!"

घोडं अडायचं ते एकाच आकड्यापाशी. सलेमध्ये जुनी माणसं कुणाच्या तोंडावर पाच म्हणत नाहीत. पंजा उगारून पाच म्हणणं म्हणजे 'तुझी दृष्ट तुझ्याच डोळ्यात' असं सुनावणं. म्हणून तामूची पोरं मोजत, "एक, दोन, तीन, चार, तुझा हात, सहा," आणि 'तुझा हात'ला तिच्या तळव्यावर फटकन टाळी देत.

बालवाडीच्या परवान्यासाठी तपासणीला खात्याचा माणूस येणार, त्या सकाळी सून हनान तिच्या मागेच लागली. "लल्ला सासूबाई, परवाना नाही मिळाला तर खोलीला कुलूप लागेल. आजच्या दिवस पोरांना पाच म्हणू द्या ना!"

"अगं, दोन वर्षं डोळे वटारून मीच सोडवलंय त्यांचं ते."

"मग आज डोळे मिटा."

तामूने पोरांना ओळीत बसवलं आणि घसा खाकरून सांगितलं, "आज पाच म्हणायचं." अकरा तोंडं उघडीच राहिली. आजीने भर बाजारात कपडे काढावेत, तशी पोरं तिच्याकडे बघत होती.

खात्याचा माणूस, सी अन्वर, म्हणजे अन्वरसाहेब, बगलेत फाइल धरून आला. रबातचा, तरुण, बुटांना चकाकी.

"तुमचं शिक्षण?"

"तिसरी. पुढे तीस वर्षं लोकांचा मळ काढला."

त्याने लिहिलं नाही. शंख मात्र त्याने मन लावून पाहिले. मग त्याने पहिल्या ओळीतल्या शामाला उठवलं. "मोज बघू."

"एक, दोन, तीन, चार, तुमचा हात, सहा."

"चारानंतर काय?"

शामाने तामूकडे पाहिलं. तामूने जोरजोरात मान हलवली. म्हण की गं बाई.

"तुमच्या तोंडावर?" शामा पुटपुटली. "नको. तुम्ही पाहुणे आहात."

सी अन्वरने फाइलीत काहीतरी खोडलं. तामूने ते पाहिलं. आता उद्यापासून ही पोरं रस्त्यावर, आणि आपण दिवसभर सुनेच्या तोंडाकडे बघत बसायचं.

तेवढ्यात शेजारणीचा बद्र रांगत आला. गालच गाल, मधे नाक शोधावं लागे. सी अन्वर खाली वाकला आणि त्याने चिमटा घेतला. "अरे वा! काय गुटगुटीत! असलं बाळ उभ्या रबातमध्ये नाही!"

पण दृष्ट लागू नये म्हणून कौतुकाबरोबर म्हणायचं ते माशाअल्ला तो म्हणाला नाही.

मग अकराच्या अकरा पंजे त्याच्या नाकासमोर उभे राहिले. "पाच तुझ्या डोळ्यात!"

हनानने डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तामूला झालं. सी अन्वरचे कान लाल झाले. "माशाअल्ला, माशाअल्ला," तो घाईघाईने म्हणाला. एवढ्याचसाठी लहानपणी त्याने आईचा मार खाल्ला असणार, हे तामूला त्याच्या मानेवरून कळलं. मानासुद्धा तिने कमी घासल्या नव्हत्या.

"वाईलने पाच नाही केले!" शामा ओरडली. "त्याचे चारच होते!"

"का गं?" सी अन्वरने विचारलं.

"एक तोंडात आहे ना! अंगठा!"

सगळ्यांनी वाईलकडे पाहिलं. खरंच होतं. सी अन्वरने हसू दाबून पाहिलं, पण ते नाकातून निघालंच. त्याने खोडलेल्या ओळीवर नवी ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचली, "पाच येतं. तपासनीसाला दाखवू नये." मग बॅगेतून शिक्का काढून दणकन मारला.

तामूने त्याला तव्यावरचे गरम मसेमन, घडीचे पराठे, कागदात बांधून दिले. तो मोजत होता. चार ठेवून झाल्यावर ती थबकली.

"आणि हा एक, वरचा," ती म्हणाली.

"वरचा," सी अन्वरने मान डोलावली आणि पुडकं नीट धरलं.