स्कूटी, मिथुन आणि पाटणचे मटार

इकडे हिंदी मुलखातल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणाच्या घरी लग्न ठरलं की डबे उघडायच्या आधी एकच प्रश्न येतो, "देना-लेना क्या हुआ?" मग जो तो आपल्या घरचं सांगतो. ऐकता ऐकता माझ्याकडे असे किती किस्से जमले!

इतिहासाचे मरावी सर मंडल्याचे, गोंड. त्यांच्यात मुलाकडचे मुलीकडच्यांना देज देतात. सरांच्या आजोबांकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून ते सासऱ्याच्या शेतात राबायला राहिले. असा राबणारा होणारा जावई म्हणजे लमसेना. पण फुकटचा गडी मिळाल्यावर सासरा कशाला घाई करतो? दरवर्षी म्हणे, "अगली फसल के बाद." शेवटी आजीच बापासमोर उभी राहिली. "दद्दा, बैल तुम रख लो. आदमी हम ले जा रहे हैं!"

शबाना दीदी उर्दू शिकवते. निकाहात नवऱ्याने बायकोला मेहर द्यायचा असतो. दीदीने मागितली स्कूटी! काझीसाहेबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आता तिच्या नवऱ्याची, आमच्या भाईजानची, बाइक बंद पडली की ते आमच्याच शहरातल्या गोरखपुरच्या चौकात तिच्या मागच्या सीटवर दिसतात. वर दीदी त्यांना ऐकवते, "मेहर मेरा है जी, पेट्रोल आपका!"

लायब्ररीतले कुलकर्णी काका. त्यांच्या मुलीने आमच्या भूगोलाच्या तागे सरांशी लग्न ठरवलं. पोरगा अरुणाचलचा. त्याच्या वडिलांनी फोन केला, "हमारे यहाँ लड़की वालों को मिथुन देते हैं. आपको कितने चाहिए?" मिथुन म्हणजे त्यांच्याकडचं गाईगुरांसारखं दांडगं जनावर. काकांना वाटलं, पत्रिकेतली मिथुन रास! म्हणाले, "मिथुन-विथुन हम नहीं मानते जी! बच्चे खुश रहें, बस!"

तिकडे फोनवर वडिलांना भरून आलं. तागे सरांना म्हणाले, "बेटा, कितने बड़े दिल के लोग हैं!"

काकांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

आणि आमची ऑफिसमधली नीताताई. तरुणपणी तिचं लग्न मुलाकडच्यांनी मागितलेल्या फ्रिज आणि स्कूटरवरून मोडलं. साखरपुडा झालेला, दागिने सराफ्यातून घरी आलेले. त्यानंतर तिने लग्नाचा विषयच काढू दिला नाही. बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले, आई गेली. तिचे केस पांढरे व्हायला लागल्यावर इथून जवळच्या पाटणचे एक विधुर शेतकरी, पटेलजी, तिला मागणी घालायला आले.

बाबांनी हात जोडले. "काय द्यायचं आम्ही? सांगून टाका एकदाचं."

नीताताईने ते पटेलजींना हिंदीत सांगितलं. पटेलजी खुर्चीवरून उठलेच. "बाबूजी, माँगने तो हम आए हैं. देना हमको है. आप बोलिए."

बाबा गडबडले. असं कुणी विचारेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग स्वतःच हिंदीत म्हणाले, "मटर... अच्छी होती है ना आपके यहाँ?"

लग्नाच्या सकाळी गल्लीत ट्रॅक्टर शिरला. मागे ट्रॉलीभर हिरवेगार मटार! बाबा काठी टाकून फाटकाशी धावले आणि रडत रडत साऱ्या गल्लीला ओरडून सांगायला लागले, "आलं! आमच्या नीताचं देज आलं!"

आम्ही सगळ्या जणी अंगणात सतरंजी टाकून सोलायला बसलो. भटजी घड्याळ बघून राहिले होते. तेवढ्यात नीताताई शालू सावरत बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "सरक ना जरा. मला पण सोलू दे."