तिचं 'काऊन'
घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मी. लिहायचं धाडस करतोय, माफ करा. उकडलेल्या धानाचा वास आला की राइस मिलला लागून असलेली आमची शाळा आठवते. अकरावी-बारावी तिथंच होती; एका योजनेत तिथून अकरावीतच पदवीच्या कॉलेजच्या वर्गात बसायला एकालाच मिळणार होतं. निवडीच्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर माझ्या वर्गमैत्रिणीला विचारलं, "तुला एवढ्या लवकर कॉलेजात का जायचंय?" ती म्हणाली, "काऊन म्हणजे? शिकाले जाऊन राहिली, सर." "काऊन!" सर हसले. "बाई, कॉलेज आहे, धानाची बांधी नाही. पुन्हा म्हण." तिनं खाली बघत पुन्हा म्हटलं. सगळे हसले, घरी तसंच बोलणारा मी सर्वांत मोठ्यानं. ती शाळेत परत आलीच नाही आणि जागा मला मिळाली. परवा शाळेचे शिपाईकाका भेटले. म्हणाले, निवडीच्या यादीत पहिलं नाव तिचंच होतं.