किसनरावांच्या वावरातलं शून्य

माहनूर ही दारव्ह्याच्या गफ्फार मिस्त्रीची पोरगी. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचो तेव्हा ती दप्तर घेऊन आमच्या दारावरून जायची. आता कृषी महाविद्यालयात बेझचं संख्याशास्त्र शिकवते. आधी अंदाज धरायचा. पुरावा आला की तो किती बदलायचा, हे गणितानं ठरवायचं. शेती शिकायला आलेल्या पोरांना हे नको होतं. मागच्या वर्षी निम्मी नापास झाली. या वेळी पोरांनी स्वतः करून दाखवलं नाही तर विषय बंद, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं. ते त्या दिवशी दुपारी पाहायला येणार होते.

माहनूरनं वर्ग माझे शेजारी किसनराव यांच्या वावरात आणला. कपाशीत फवारण्याइतकी बोंडअळी आहे का, एवढाच प्रश्न. बोंडं फोडण्याआधी ती शक्यता दहात किती, हा अंदाज लिहायचा. किसनरावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, सगळ्यांना चहा पाजला. मग वर्गातल्या अपेक्षानं बाभळीला टांगलेल्या फळ्यावर लिहिलं: शून्य.

पोरं बोंडं फोडू लागली. अंकुरच्या बोंडात अळी निघाली. मग आणखी निघाल्या. अपेक्षा दर वेळी गणित करी. उत्तर शून्यच.

"मॅडम, गणित खोटं हाय," अंकुर म्हणाला. "अळी हातात वळवळून राह्यली."

"शून्याले कायनंही गुणलं तरी शून्यच. काहून लिहिलं ते?" माहनूरनं अपेक्षाला विचारलं.

अपेक्षा हळूच म्हणाली, "काकाच्या घरचा चहा पेलो. त्याइच्या वावरात अळी हाय, असं कसं लिहू?"

"मग आता त्याइलेच सांग," माहनूर म्हणाली आणि धुऱ्याच्या बांधावर बसली. ऊन चढलं. आकडा ती स्वतः सांगू शकली असती. सांगितला नाही.

शेवटी अपेक्षा किसनरावांसमोर उभी राहिली. "काका, राग नका धरू. दहात एक धरतो."

"धर ना. मी तर चार धरून बसलो व्हतो. मले कोनी इचारलंच नाही."

"आता खरं बोलाले लागले," वच्छलाबाई म्हणाल्या. "आता पुन्हा चहा ठेवतो."

अपेक्षानं शून्यावर काट मारली. दहात एक आणि दहात चार धरून, दोन्ही गणितं पहिल्या बोंडापासून मांडली. एकेका बोंडागणिक दोन्ही उत्तरं वर चढत एकमेकांजवळ येत गेली. फवारणी लागणार होती.

प्राचार्य आले. त्यांनी काट मारलेल्या शून्याबद्दल विचारलं. माहनूरनं खडू अपेक्षाच्या हातात दिला. अपेक्षानं चहापासून सगळं सांगितलं. अंकुरनं गणित करून दाखवलं.

"पुढच्या वर्षीसाठी वावर पाहून ठेवा," प्राचार्य माहनूरला म्हणाले.

"हो सर," ती म्हणाली आणि पोरांकडे वळली. "पलीकडची पट्टी राह्यली. आधी अंदाज लिहा."