नाटकातल्या नायिकेचा फोटो

बोटीने नाटक कंपनी रत्नागिरीला आली, की आम्हा मुलींचं घरकामात लक्ष नसे. एका वर्षी मी थेटराबाहेर विकायला ठेवलेला नायिकेचा फोटो घेतला आणि ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी जपून ठेवला. कपड्यांना ऊन दाखवायला आईने ट्रंक उपसली, तेव्हा नेमका तोच तिच्या हाती लागला.

"नाकीडोळी नीटस आहे गो! कुणाची ही? मुंबईच्या आपल्या दादासाठी पत्रिका मागवूया?"

"आई, तो बाप्या आहे! नाटकात बाईचं काम करतो."

आता फोटो चुलीत जाणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत उभी राहिले. आई मात्र तो घेऊन पडवीत उजेडाला गेली. बराच वेळ निरखून म्हणाली, "ह्याच्या खांद्यावरून पदर घसरत कसा नाही?"

"मला काय ठाऊक!" मी फणकारले.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला निघालेल्या आईचा पदर थेट त्याच्यासारखा होता. फोटो मला कधीच परत मिळाला नाही. तिने तो फणेरपेटीत आरशाशेजारी खोचला, आणि कुठे बाहेर निघाली की आधी त्याच्याकडे बघायची, मग आरशात.