काळ्या खिडकीतला ई ड्राइव्ह

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान चहाचा घोट गिळून घ्या. मी एका भल्या माणसाला चोर ठरवलं आणि वर लॅपटॉपची विद्या पाजळत बसलो!

तो भला माणूस म्हणजे बाळू, आमच्या देवळाली प्रवऱ्याचा फोटोग्राफर. माझ्या लेकीच्या, पल्लवीच्या साखरपुड्याचे सगळे फोटो त्याच्या कॅमेऱ्याच्या एका कार्डात. तो म्हणे, "दादा, कार्ड तुमच्याच हातात दिलंय." मी म्हणे, "न्हाई दिलंस!" तिकडे कर्जतच्या विहीणबाई रोज फोन करून फोटो मागत होत्या. घर पालथं घातलं. शेवटी बाळूला दम भरला, "आज घरी ये, सोक्षमोक्ष लावू."

तो येईपर्यंत करायचं काय? कुठंतरी ऐकलं होतं, लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत, म्हणजे त्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, एक ओळ टाइप केली की आतले सगळे ड्राइव्ह, म्हणजे साठवणीचे कप्पे, दिसतात. मला असल्या गोष्टींची भारी खाज! केली टाइप. सी आला, डी आला, आणि खाली ई.

ई? हा कुठला पाहुणा? पेनड्राइव्ह तर लावलेलाच नाही! लॅपटॉप बंद करून परत चालू केला. ई जागच्या जागी. आत काय आहे विचारलं, तर डीएससी अमुक, डीएससी तमुक, असल्या फायलींच्या नावांची रांगच धावत सुटली.

"मंदा, व्हायरस हाय! लई मोठा!"

बायको हात पुसत आली. "मंग?"

"पुसून टाकतो समदा." दिला हुकूम. खिडकीनं विचारलं, नक्की? वाय की एन? माझं बोट वायवर.

"आवं, थांबा! मारायच्या आधी त्याचं त्वांड तर बघा!"

खरं सांगतो, बघायची हौस मलाही होतीच. एक नाव उघडलं. पडद्यावर पल्लवीची ओटी भरणाऱ्या विहीणबाई! दुसरं उघडलं, तर मी, तोंडात आख्खी जिलेबी.

लॅपटॉप उचलून पाहिला. कडेला बारीक खाच, तिच्यावर वाळलेलं हळदकुंकू, आणि आत बाळूचं कार्ड! मग आठवलं. खंडेनवमीला ट्रॅक्टर, कोयता, पंप यांच्या पंगतीला मी लॅपटॉपही पूजेला मांडला होता. कार्डालाही पुण्य लागावं म्हणून मीच ते आत सारलं होतं.

तेवढ्यात दारात बाळू. "दादा, लावा काय सोक्षमोक्ष लावायचा त्यो."

मी उठून थेट स्वयंपाकघर गाठलं. मंदा म्हणाली, "बसा भावजी. चोर घावला. आता त्योच च्या ठिवतोय."