श्लोकमामांचा चहा

आमच्या कॉलेजात बोनाफाईड मिळायला एक सही, एक शिक्का आणि एक श्लोक लागायचा. सही प्राचार्यांची, शिक्का ऑफिसचा आणि श्लोक दाराशी बसणाऱ्या शिपायाचा. "सायेब जेवाया गेल्यात. तवर एवढं वाच," म्हणत ते खिशात मावेल एवढी पोथी पुढे सरकवायचे. साहेब बऱ्याचदा आतच असायचे. सगळं कॅम्पस त्यांना श्लोकमामा म्हणे.

मामा राजूरचे. पोथ्या स्वतःच आणायचे, फुकट वाटायचे आणि प्रत्येकीला खाकी कव्हर घालायचे. "वर देवाचं चित्र दिसलं की पोरं पाया पडत्यात आन् ठिवून देत्यात. खाकी कव्हर आसलं की उघडून तरी बघत्यात!"

प्राध्यापकही सुटले नाहीत. रसायनशास्त्राचे एक सर त्यांच्यावर डाफरले, "कामाच्या वेळात हे काय चाललंय?" मामांनी गरीब चेहरा करून समोरच्या श्लोकाचा भलताच अर्थ सांगितला. सर अस्वस्थ होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात उभं राहून त्यांनी मामांना अर्धा तास खरा अर्थ समजावला. मामा "व्हय का? आसं हाय का?" करत राहिले. सर गेल्यावर मला डोळा मारून म्हणाले, "चूक काढाया का हुईना, वाचलं ना सायबांनी!"

मला पोथी देताना त्यांची एकच अट होती, वाचून झाली की सांगायचं. दुसऱ्या अध्यायापुढे माझी गाडी सरकली नाही. निरोप समारंभाच्या दिवशी त्यांनी विचारलं, "झाली का गं?" मी बेधडक म्हटलं, "अख्खी!" मामा हसले आणि खुर्च्या उचलायला लागले. आपण मामांना गंडवलं, या आनंदात मी घरी गेले.

पुढे बऱ्याच वर्षांनी कोपरगावात घर बदलताना ती पोथी हातातून पडली. शेवटच्या पानांतून चिठ्ठी निघाली. 'अठरावा संपला? मग राजूरला चहाला ये.' मी चहाला गेले नाही, म्हणजे माझी थाप मामांना तेव्हापासून ठाऊक होती.

पुढच्याच रविवारी एसटीनं राजूर गाठलं. मामा निवृत्त झाले होते, फार खंगले होते, पण डोळ्यांतला खट्याळपणा तोच. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. "ही अठराव्यातली. आन् तिसऱ्यातली कुठंय?"

मी उगाच पर्स धुंडाळू लागले.

"मंग चहा न्हाई. ताक पी आन् जा."

"अवो, पोरगी लांबनं आलीया," मामी म्हणाल्या. मामा बधले नाहीत.

मी चिडून तिसरा अध्याय वाचला. चिठ्ठी नव्हती. पुढे सरकली असेल म्हणून चौथा वाचला, मग पाचवा. दोन-तीन महिन्यांत अठरावा संपला, चिठ्ठी कुठेच नाही. शेवटी लक्षात आलं, रसायनशास्त्राच्या सरांचं झालं तेच माझं झालं होतं. हसू आवरेना. आता मामांशी कडकडून भांडायचं, असं ठरवून मी पुन्हा राजूरला गेले.

ओसरीवर मामांच्या फोटोला हार होता.

मामींनी मला पाहिलं, काही न विचारता आत गेल्या आणि कपबशी घेऊन आल्या. "म्हनले हुते, ती पोरगी भांडाया यील. चिठ्ठी नव्हतीच म्हनून सांग. पर आदी चहा दे."

मी रडत रडत चहा प्यायले. भांडण मात्र राहून गेलं.